नवोदयात आठवड्याची बातमी लिहायची असेल तर

सहावीला नवोदयात नंबर लागला की पोरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे मेसेज यायला लागतात, अक्का पेटी केवढी घ्यायची, अक्का मेसमधलं जेवण कसं असतंय, अक्का पोराला कन्नड येत नाही मग कसं. त्याची उत्तरं देणारे जुने विद्यार्थी ढीगभर आहेत म्हणून मी त्यात पडत नाही. मी लिहिणार आहे ते आठवड्याच्या बातमीबद्दल, म्हणजे त्या आठवड्यात शाळेत काय झालं, कुणी काय मिळवलं हे लिहून जे पान बोर्डवर लागतं आणि पालकांच्या ग्रुपवर जातं त्याबद्दल. ते पान काढणाऱ्या टीममध्ये मी बरीच वर्षं होते आणि माझं मत विचाराल तर नव्या पोरानं पहिल्याच वर्षी शिरावं असं काम हेच, कारण बातमी मागायच्या निमित्तानं मेसपासून लॅबपर्यंत सगळीकडं जाता येतं आणि कुणी "इथं काय करालास रे" म्हणून हाकलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1986 च्या शैक्षणिक धोरणातनं नवोदय विद्यालयं आली, सहावी ते बारावी, राहून शिकायचं, सीबीएसई बोर्ड, निदान 75 टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे. त्यामुळं वर्गात एका बाकावर निपाणीचा, दुसऱ्यावर सौंदत्तीचा, मागं खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, तिच्या बाजूला अथणीचा, घरात मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे असे सगळे एकत्र.

आता पान एवढं महत्त्वाचं का, तर पोरांकडं मोबाईल नसतो. पालकभेटीचा रविवार आणि अधनंमधनं फोन, एवढंच. बाकीचे दिवस घरच्यांना आपलं पोर काय करतंय हे कळायला हे एक पानच. आमच्या बॅचच्या एका मैत्रिणीची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, पान आलं की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वखारीतली एक शिकलेली बाई ते मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या डबा सोडून ऐकायच्या, आपल्या पोरीचं नाव नसलं तरी शेवटपर्यंत ऐकायच्या. एक पोरगी चित्रकलेत आली असं वाचलं की "म्हणजे काय काढलं तिनं" असं विचारायच्या, आणि पानात ते लिहिलेलं नसायचं. हे मैत्रिणीनं सांगितल्यावर मला बातमी कशी लिहायची ते कळायला लागलं, त्याआधी मी नुसतं सुंदर अक्षर काढत होते.

कारण आपल्याकडं शालेय बातमीचा एक साचा आहे, तो तुम्ही पेपरात रोज बघता. अमुक विद्यार्थ्याने घवघवीत यश संपादन करून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, त्याला अमुक सरांचे मार्गदर्शन व मुख्याध्यापकांचे प्रोत्साहन लाभले, त्याच्या या यशाबद्दल सर्व स्तरातून अभिनंदन होत आहे. झालं. यात पोरगा धावला, का गायला, का गणित सोडवलं काही पत्ता नाही. सर्व स्तर म्हणजे कुठले स्तर हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. नवीन पोराला पहिली बातमी लिहायला दिली की तो हाच साचा लिहून आणतो कारण त्यानं तेच वाचलेलं असतंय, त्यात त्याचा दोष नाही, पण पहिल्या महिन्यात तो मोडला नाही तर मग मोडत नाही.

एक उदाहरण देते. आठवीतल्या एका पोरानं विज्ञान प्रदर्शनात ऊसाचे डोळे, म्हणजे कांडीवरचे कोंब, काढायचं यंत्र ठेवलं होतं. पहिली बातमी आली ती अशी की शेतकऱ्यांसाठी उपयुक्त अभिनव उपकरण सादर करून त्याने परीक्षकांची मने जिंकली. मी म्हटलं चल, जाऊन बघू की. लॅबच्या मागच्या व्हरांड्यात ते ठेवलेलं, एक लाकडी पाट, त्यावर गोल वाकवलेलं पातं, आणि खाली जुन्या शिलाई मशीनचं पॅडल तारेनं पात्याला बांधलेलं. त्याचे वडील रायबागकडं ऊसाची रोपं करून विकतात, रोपासाठी कांडीवरचा नुसता डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा असतो, बाजारात मिळतं ते यंत्र हातानं दाबायचं, दिवसभर दाबून आईचं मनगट सुजायचं, म्हणून यानं दाब पायावर घेतला. पाय दाबला की पातं खाली, डोळा टपकन ट्रेमध्ये, हात मोकळे. तार मात्र सारखी सैल व्हायची आणि तो प्रत्येक दहा-बारा डोळ्यांनंतर पक्कड घेऊन ती आवळत बसायचा. हे सगळं आम्ही लिहिलं, तार सैल होते हे सुद्धा लिहिलं. त्यावर एका सरांनी विचारलं की दोष कशाला लिहायचा, पण त्याच बातमीमुळं पुढच्या पालकभेटीला संकेश्वरचे एक पालक, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तारेऐवजी सायकलच्या ब्रेकची केबल आणि आवळायचा नट घेऊन आले. बक्षीस त्या पोराला तिसरं मिळालं होतं, पण ते बातमीत शेवटच्या ओळीला होतं आणि कुणाला खटकलं नाही.

तर बातमी आणायला गेलात की विचारायचं ते असं, केलं काय, कसं केलं, अडलं कुठं, पुढं काय. आणि बक्षीस कुठल्या पातळीवरचं. ही पातळीची भानगड नीट समजून घ्या कारण घरच्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतोय. गावातल्या हायस्कुलात तुमची भावंडं प्रतिभा कारंजीला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शाळांच्या सांस्कृतिक स्पर्धेला जातात, तिथं क्लस्टर म्हणजे आजूबाजूच्या शाळा, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य. नवोदयात खेळात क्लस्टर म्हणजे काही जिल्ह्यांची नवोदयं मिळून एक गट, त्याच्यावर रिजन, आपलं रिजन हैदराबादचं, म्हणजे कर्नाटकाबरोबर आंध्र, तेलंगणा, केरळ सगळं त्यात, त्याच्यावर नवोदयांची नॅशनल आणि तिथनं निवड झाली तर एसजीएफआय, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या स्पर्धा. आता पोरीनं रिजनला लांब उडीत दुसरा नंबर आणला असं नुसतं लिहिलं तर गावात म्हणतात रिजन म्हणजे चिकोडी असंल. म्हणून लिहायचं की कुठल्या कुठल्या राज्यांतल्या पोरी होत्या, उडी किती मीटरची, आणि तिची आधीची उडी किती होती. आधीची उडी लिहिणं मला फार आवडायचं, कारण मग नंबर न आलेल्यांची पण बातमी होते, पोरगा सातवा आला पण स्वतःच्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी घेतले की ती बातमीच आहे की.

परीक्षा आणि स्कॉलरशिपच्या बातम्या लिहिताना जरा अभ्यास करा. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेत पोराची कल्पना निवडली गेली की नमुना बनवायला 10,000 रुपये मिळतात, हे बक्षीस नाही, खर्चासाठी आहेत, तसं स्पष्ट लिहा नाहीतर घरी वेगळाच हिशोब सुरू होतो. आठवीची एनएमएमएस स्कॉलरशिप, वर्षाला 12,000 वाली, ती गावातल्या सरकारी आणि अनुदानित शाळेच्या पोरांसाठी, नवोदयातल्यांना ती मिळत नाही, तरी दरवर्षी कुणाचा तरी काका विचारतोच की आमच्या पोराचं नाव यादीत का नाही, ते एकदा पानात छापून टाकलं की मिटतं. दहावीतल्यांसाठी दक्षणा फाउंडेशन या संस्थेची निवड परीक्षा असते, निवड झाली तर जेईई किंवा नीटचं दोन वर्षांचं कोचिंग राहण्यासकट फुकट. ही बातमी आली की मात्र दोन ओळीत संपवू नका, त्या पोराला बसवून अभ्यास कसा केला, कुठली पुस्तकं, रोज किती वाजता, हे विचारून लिहा. खालच्या वर्गातली पोरं ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवतात.

नावं. यात सगळ्यात जास्त वेळ जातोय आणि जायलाच पाहिजे. शाळेच्या रजिस्टरला नावं कर्नाटकाच्या पद्धतीनं असतात, आडनाव, नाव आणि मागं किंवा पुढं नुसती अक्षरं, त्यामुळं पाटील एस. बी. असे दोघंतिघं निघतात, एक हुक्केरीचा, एक निपाणीचा, आणि ग्रुपवर पेढे भलत्याच घरी वाटले जातात. उपाय एकच, पोराला समोर उभं करून त्याच्याकडनं त्याचं नाव आणि गावाचं नाव त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं, ज्या लिपीत घरी लिहितात त्या लिपीत. मित्राला विचारून लिहू नका, मित्र टोपणनाव सांगतो.

भाषेचं असं. शाळेचं अधिकृत पान इंग्रजी आणि कन्नडमधे निघायचं, पण निपाणी आणि खानापूर भागातल्या बऱ्याच आयांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून आम्ही सरांना विचारून मागं अर्धं पान मराठी जोडायला लागलो. सुरुवातीला कन्नड पानावरनंच ओळीला ओळ मराठी करत होतो आणि ते वाचताना दगड चावल्यासारखं लागायचं. मग ठरवलं की मराठी अर्ध्या पानासाठी पोरांशी परत बोलायचं आणि नव्यानं लिहायचं. कन्नड शिकायचं कसं म्हणून जे विचारतात त्यांना पण माझं उत्तर हेच, या टीममध्ये या, गोकाकच्या पोराकडनं त्याच्या बातमीची माहिती काढताना जेवढं कन्नड येतंय तेवढं पुस्तकातनं येत नाही. नववीत तर आणखी मजा, साधारण 30 टक्के पोरं वर्षभर हिंदी भागातल्या नवोदयात जातात आणि तिकडची आपल्याकडं येतात, तेव्हा त्यांना लगेच टीममध्ये ओढा. आमच्यात आलेला एक जण मेसच्या सांबाराबद्दल इतकं मनापासून लिहायचा की ते पान सगळ्यात आधी स्वयंपाकघरात मागून घ्यायचे.

काय लिहायचं नाही ते पण बघा. वर्गातला शेवटून नंबर, कुणाचं आजारपण, कोण घरी पळून गेलं होतं, कुणाची फी कुणी भरली, हे पानात येता कामा नये, कितीही खरं असलं तरी. पोरींचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाही, खेळाच्या कपड्यातले तर अजिबातच नाही, कारण ग्रुपवर गेलेला फोटो कुठं कुठं फिरतो ते आपल्या हातात राहत नाही. टक्केवारीची यादी लावावी का यावर आमच्यात भांडण व्हायचं. मी आजही लावू नये याच बाजूची, निकालाची यादी ऑफिस लावतंयच की, मग पानात तेच कशाला.

आणि हो, पाहुणे. कार्यक्रमाला पाहुणे आले की पानाचा वरचा अर्धा भाग हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि मंचावर कोण कोण उपस्थित होते यात जातो, आणि पोरगीनं केलेलं नाटक खाली दोन ओळीत. हे पूर्णपणे बदलता येणार नाही, मोठी माणसं आहेत, त्यांची नावं घ्यावीच लागतात. पण क्रम बदलता येतो. आधी नाटक कशावर होतं, कोण काय झालं होतं, कुठल्या वाक्याला टाळ्या पडल्या ते लिहा आणि पाहुण्यांची नावं शेवटी एका वाक्यात नीट, हुद्द्यासकट, एकही चूक न करता. हुद्दा चुकला तर मात्र पुढच्या आठवड्यापासून वरचा अर्धा भाग परत त्यांचा.

आता मी बेळगावात एका पेपरच्या डेस्कवर आहे आणि माझ्याकडं रोज शाळांच्या बातम्या येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकाच परिच्छेदात, पंधरा नावं आणि एक अंधारातला फोटो. ज्या शाळेच्या बातमीत पोरानं काय केलं हे पहिल्या ओळीत असतं ती आधी लागते, हे मी हातानं करते म्हणून सांगते. फोटोत डावीकडनं कोण कोण आहे ते लिहिलेलं असलं, पातळी लिहिलेली असली आणि शंका विचारायला शाळेचा नंबर दिलेला असला तर मला फोन करून वेळ घालवावा लागत नाही. संध्याकाळी उशिरा पाठवलेली बातमी दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी येते आणि कधी कधी येतच नाही, तेव्हा दुपारी पाठवा.

टीममध्ये शिरायचं कसं तर वर्ष सुरू झाल्यावर भाषेच्या सरांना किंवा मॅडमना असेंब्लीनंतर गाठायचं, सांगताना हातात एक लिहिलेली बातमी ठेवायची, कुठलीही, मेसमधल्या नवीन भांड्यांची सुद्धा चालेल. सहावीतल्यांना पहिल्यांदा नावं तपासायचं आणि बोर्डवर पान लावायचं काम मिळतं, ते कंटाळवाणं वाटलं तरी नाही म्हणू नका, बोर्डजवळ उभं राहिलं की कुठली बातमी पोरं थांबून वाचतात आणि कुठली सोडून पुढं जातात ते दिसतं. पेटीत एक जाड वही आणि दोन पेन जास्तीचे टाका, पेन्सिल नको, हात लागून पुसतं.