वाइन अपग्रेड करताय? या चुका टाळा

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनची नवी स्थिर आवृत्ती बहुधा दर जानेवारीत येते आणि पाठोपाठ तीच रड सुरू होते: ‘कालपर्यंत चालत होतं हो!’

तुमच्या होम फोल्डरमधला ‘.वाइन’ हा लपलेला फोल्डर म्हणजे तुमचा प्रीफिक्स. सी ड्राइव्ह, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), प्रोग्रॅम, सगळं त्यातच. नवं वाइन पहिल्यांदा चाललं की प्रीफिक्सही बदलून घेतं. नंतर जुनी आवृत्ती परत टाकली तरी प्रीफिक्स मागे जात नाही. म्हणून आधी बॅकअप, आणि तोही झिपने नको. माझ्या ओळखीतल्या एकाने नेमकं तेच केलं. प्रीफिक्समधल्या ‘डॉसडिव्हायसेस’ फोल्डरात ‘झेड:’ नावाची लिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट असतो, तो थेट रूटला, म्हणजे लिनक्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरला जोडलेला. झिप सांगितल्याशिवाय लिंकला लिंक म्हणून ठेवत नाही, तिच्या आत शिरतं. गड्याची अख्खी डिस्क झिपमध्ये जायला लागली, जागा संपली. वैतागून त्याने बॅकअपचा नाद सोडला, अपग्रेड केलं, प्रोग्रॅम उघडेना म्हणून ‘.वाइन’च उडवला. हिशेबाच्या फाइल्स आतच होत्या. मग मला फोन! डिलीट करायच्या आधी का नाही करत कुणी? मी टार ही लिनक्समधली फाइल्स एकत्र बांधणारी कमांड वापरतो, ती लिंक जशीच्या तशी ठेवते. फाइलच्या नावात वाइनची आवृत्ती लिहितो. आणि जुना प्रीफिक्स कधी डिलीट करत नाही, नाव बदलून बाजूला ठेवतो.

‘व्हर्जन मिसमॅच’ (आवृत्ती जुळत नाही) हा एरर दिसला की लोक लगेच सगळं काढून पुन्हा टाकतात. कशाला? बहुतेकदा जुन्या आवृत्तीचा वाइनसर्व्हर, म्हणजे वाइनचा पडद्यामागे चालणारा भाग, चालूच असतो. प्रोग्रॅम बंद करा, टर्मिनलमध्ये ‘वाइनसर्व्हर -के’ द्या, झालं. तरीही एरर हटला नाही, तर कधीतरी हौसेने सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल केलेलं वाइन ‘यूएसआर-लोकल’ फोल्डरात पडलंय का बघा.

सुडो लावून, म्हणजे रूट या प्रशासक खात्याच्या अधिकाराने वाइन चालवू नका. फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात, मग तुमच्याच खात्याला त्या बदलता येत नाहीत.

तुमच्या डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरा वगैरे) वाइन आणि वाइनएचक्यूचं, म्हणजे वाइन प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरचं वाइन यांची खिचडी नको, एकच ठेवा.

विनट्रिक्स या मदतनीस स्क्रिप्टमधून दिसेल ती डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) टाकत सुटणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. आधी कोऱ्या प्रीफिक्समध्ये प्रोग्रॅम चालवून बघा. तिथे चालला तर गोंधळ तुमच्या जुन्या प्रीफिक्समध्ये आहे. तिथेही पडला तर टर्मिनलमधून चालवा आणि येणारा सगळा मजकूर जपून ठेवा, नुसता शेवटच्या ओळीचा फोटो नको.