दोन लॉजिकमधल्या ऑन्टॉलॉजी जोडताना रिकाम्या क्लासची फसगत टाळा

एक ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध मांडणारी फाइल) ओडब्ल्यूएल या वेबसाठीच्या ऑन्टॉलॉजी-भाषेत, दुसरी फर्स्ट-ऑर्डर लॉजिक या जास्त काही मांडू शकणाऱ्या तर्कभाषेत. दोन्ही जोडल्या, कुठे एरर नाही, तरी जोडणी बरोबर आहे की नाही कळत नाही.

१. दोन्ही मूळ फायलींना हात लावू नका. जोडणारी विधानं तिसऱ्या फाइलमध्ये ठेवा. मूळ फाइलची नवी आवृत्ती आली की याचं महत्त्व पटतं.

२. भाषांतर ओडब्ल्यूएलकडून फर्स्ट-ऑर्डरकडे करा, उलट नको. उलट जाताना बरंच काही गळतं. 'हेट्स' हे फुकट टूल हे भाषांतर करून देतं.

३. मेस-४ सारख्या प्रोग्रॅमकडून मॉडेल, म्हणजे सगळी विधानं एकदम खरी ठरतील असं एक उदाहरण, शोधून घ्या. खरी गोम इथे आहे. 'प्रत्येक हृदय हा अवयव आहे' आणि 'कोणतंही हृदय अवयव नाही' ही दोन्ही विधानं एकदम खरी ठरतात, जर 'हृदय' हा क्लास (एका प्रकारच्या गोष्टींचा गट) रिकामा असेल, म्हणजे हृदय एकही नसेल तर! प्रोग्रॅम खुशाल रिकाम्या क्लासचं मॉडेल देतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या क्लाससाठी 'असा किमान एक तरी आहे' ही ओळ चाचणीपुरती घाला. आता मॉडेल मिळालं तर ठीक. नाही मिळालं, तर ओळी एकेक काढून बघा. गुन्हेगार बहुधा तिसऱ्या फाइलमध्येच सापडतो.

जपायचं एवढंच: बीएफओ (बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी, ही इतर ऑन्टॉलॉजींचा पाया म्हणून वापरतात) हिच्या फर्स्ट-ऑर्डर रूपात वस्तूंच्या 'भाग असणे' या संबंधाला काळाची तिसरी जागा असते, ओडब्ल्यूएलमध्ये दोनच जागा मावतात. तिथे 'कधीतरी भाग' की 'कायम भाग' हे आधी ठरवा. 'कधीतरी' घेतलं, तर तो संबंध ट्रान्झिटिव्ह (अ हा ब चा भाग, ब हा क चा भाग, म्हणून अ हा क चा भाग) धरू नका.