मॉडेल जेट टर्बाइन सुरू व्हायला वेळ लावते? उशीर नेमका कुठे होतो ते असे शोधा

केरोसीनवर पेटणारी आजची बहुतेक मॉडेल टर्बाइन इंजिने स्टार्टच्या इशाऱ्यापासून आयडलपर्यंत (इंजिन स्वतःहून चालत राहण्याच्या किमान वेगापर्यंत) साधारण अर्ध्या ते एका मिनिटात पोहोचतात, काही त्याहूनही लवकर. पण एकूण वेळेवरून दोष कळत नाही. ४० सेकंदांचा स्टार्ट ६० वर गेला, तर ते वीस सेकंद कोणत्या टप्प्यात वाढले हे आधी पाहावे लागते.

आधी मोजमाप

ईसीयूला (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला) जोडलेल्या डिस्प्लेचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. त्यात टप्प्याचे नाव, आरपीएम (मिनिटाला फेरे), एक्झॉस्टचे तापमान आणि इंधन पंपाचे व्होल्टेज दिसले पाहिजे. थंड इंजिनाचा एक आणि त्याच दिवशीचा दुसरा, असे दोन स्टार्ट टिपा. इंजिन आधीच गरम असल्याने दुसरा बहुधा लवकर होतो. त्यामुळे तुलना नेहमी थंडची थंडशीच करावी.

मोजण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे ठेवा. वारा मागून आला तर हवेचा प्रवाह अडतो, तापमान चढते आणि ईसीयू इंधन रोखून धरतो. निव्वळ दिशा बदलून स्टार्ट सुधारतो, आणि तरी हेच सर्वांत जास्त वेळा विसरले जाते. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी हवा. पावडरचा नको, ती इंजिन खराब करते. टर्बाइन चाकाच्या रेषेत बाजूला कोणालाही उभे राहू देऊ नका.

पेट घेणे

स्टार्टर, म्हणजे छोटी इलेक्ट्रिक मोटर, इंजिनाचा फिरता भाग (रोटर) सावकाश फिरवतो, पेटवणारा इग्नायटर तापून लाल होतो आणि छोट्या व्हॉल्व्हमधून त्यावर थोडे केरोसीन येते. एक्झॉस्टचे तापमान भराभर चढू लागले की पेट लागला. हा काही सेकंदांचा मामला आहे.

इथे उशीर होत असेल तर आधी बॅटरीकडे पाहा. सिरॅमिक इग्नायटर बराच करंट ओढतो. जुन्या बॅटरीचे व्होल्टेज नुसते मोजले तर ठीक दिसते, लोडखाली मात्र कोसळते. म्हणून इग्नायटर चालू असतानाच मोजा. त्यानंतर स्टार्टच्या नळीत हवेचे बुडबुडे आहेत का ते पाहा. इंजिन बरेच दिवस पडून असेल तर नळी रिकामी असते आणि पंपाचा वेळ ती भरण्यातच जातो. अशा वेळी पंप हाताने चालवून इंधन नळी इंजिनाला जोडली जाते तिथपर्यंत आणा, तिथेच थांबा. पुढे गेलेले केरोसीन आत साचते.

जुन्या गॅस-स्टार्ट (केरोसीनऐवजी गॅसने पेटणाऱ्या) इंजिनांत थंडीच्या दिवशी गॅसचा डबा तपासा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणेच जवळपास थांबवते, प्रोपेनचे तसे नाही. प्रोपेनचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण वापरा.

प्रीहीट आणि रॅम्प

प्रीहीटमध्ये दहनकक्षातल्या बारीक नळ्या तापतात. मुख्य इंधन त्यांतून वाफ होऊन बाहेर पडायला हवे. नळ्या गार असताना इंधन वाढले तर ते द्रवरूपातच आत पडते आणि मागून ज्वाळा निघतात. म्हणून ईसीयूने इथे घेतलेले काही सेकंद कापायचा मोह टाळा.

सर्वाधिक वेळ रॅम्प, म्हणजे आयडलपर्यंत वेग चढवण्याचा टप्पा, खातो. ईसीयू पंपाचे व्होल्टेज पायरीपायरीने वाढवतो आणि तापमान मर्यादेजवळ गेले की थांबतो. व्हिडिओत आता तापमान आणि आरपीएम एकत्र पाहा.

तापमान जास्त, आरपीएम मात्र रेंगाळते: हवा कमी पडते आहे. स्टार्टरला रोटरशी जोडणारा क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. त्याच्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) तेल आले की पकड जाते. ती पुसा, झिजली असेल तर बदला. नंतर इंजिन थंड व बंद असताना रोटर बोटाने हलकेच फिरवून पाहा. खरखर लागली किंवा चाक घासले, तर स्टार्ट करूच नका, बेअरिंग तपासून घ्या.

तापमान कमी आणि आरपीएमही कमी: इंधन पोहोचत नाही. फिल्टर तुंबलेला, नळी दुमडलेली, किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे. एअर ट्रॅपमध्ये (इंधनातली हवा अडवणाऱ्या छोट्या टाकीत) हवेचा फुगा दिसतो का ते बघा.

दोन्ही ठीक, पण आकडे मध्येच उड्या मारतात: तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचे टोक किंवा आरपीएम सेन्सरची जोडणी सैल असू शकते.

सेटिंगला हात शेवटी लावा

पंपाचे स्टार्ट-व्होल्टेज वाढवले की स्टार्ट लवकर होतो, हे खरे. पण मूळ दोष क्लचचा असेल, तर तेच जादा इंधन हॉट स्टार्ट घडवते, म्हणजे तापमान मर्यादेबाहेर जाते. वरचे सगळे तपासून झाल्यावरच, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत, एका वेळी एकच पायरी बदला. प्रत्येक बदलानंतर थंड इंजिनाचा व्हिडिओ पुन्हा घ्या.

स्टार्ट फसला तर लगेच दुसरा प्रयत्न करू नका. आत केरोसीन साचलेले असते. इंजिन थंड होऊ द्या, पुस्तिकेत दिलेल्या दिशेने विमान कलते करून ते काढा, मग स्टार्टरने नुसती हवा फिरवा. मागून ज्वाळा दिसल्या तर इंधन बंद करून स्टार्टर फिरता ठेवा. तरीही विझल्या नाहीत, तर कार्बन डायऑक्साइड पुढच्या तोंडातून सोडा.