परक्या चासीवर टाकी बसवायची तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पत्र्याचं काम शिकलो. आज माझ्याकडे येणाऱ्या कामांत मला सगळ्यांत आवडणारं काम म्हणजे एका मोटरसायकलची पेट्रोलची टाकी दुसऱ्या गाडीच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, बसवणं. हे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी आधी टाकी उलटी करून देतो. गिऱ्हाईक टाकी वरून बघून पसंत करतं, आपल्याला तिचं पोट वाचता आलं पाहिजे. वरच्या पत्र्याला शक्यतो हात लावायचा नाही आणि चासीला तर मुळीच नाही. जो काही बदल करायचा तो टाकीच्या खालच्या बाजूला, चासीचा मधला पाइप ज्या पन्हळीत बसतो त्या टनेलमध्ये.

नेहमी येणारं एक उदाहरण घेऊ. आरएक्स १०० वर राजदूत ३५० ची टाकी. राजदूत ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणली, आरएक्स १०० त्यानंतर दोन वर्षांनी आली. दोन्ही यामाहाच्या घराण्यातल्या, त्यामुळे लोकांना वाटतं की टाकी थोडी ठोकून-ठाकून बसेल. तशी ती बसत नाही. मोठ्या गाडीची टाकी लांब आणि रुंद, तिचं टनेल वेगळ्या चासीसाठी दाबलेलं. चासीवरचे पुढचे रबरी बुश, म्हणजे टाकीला आधार देणारी रबरं, टाकीच्या कपात पकडत नाहीत, मागची पट्टी बोल्टाच्या जागेवर येत नाही, आणि टाकी नुसती वर ठेवली तर पुढून उचललेली दिसते.

इथे घाई करून ग्राइंडर उचलायचा नाही. गाडी सपाट फरशीवर, दोन्ही चाकांवर सरळ उभी करा. टाकीखाली लाकडाचे तुकडे लावून ती जिथे दिसायला हवी तिथे टेकवा आणि दोन पावलं मागे या. मग हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. हँडल आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा मावला पाहिजे, कारण वळताना चालवणाऱ्याचा अंगठा तिथेच असतो. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली कुठून जातात ते बघा, टाकीखाली चिरडलेली केबल वळणावर गाडी आपोआप रेस करते. सीट लावून बघा. इंजिनाच्या हेडपासून टाकीच्या तळापर्यंत मोकळी हवा हवी, नाहीतर उन्हाळ्यात पेट्रोल तापून वाफेचे बुडबुडे पाइपात अडकतात आणि गाडी रस्त्यात बंद पडते.

सगळ्यांत जास्त वेळ मी टाकीच्या कलाला देतो. मूळ चासीवर टाकी ज्या कोनात होती, त्या कोनात तिची सर्वांत खोल जागा म्हणजे कॉकची, पेट्रोल सोडणाऱ्या तोटीची, जागा. नव्या चासीवर कोन थोडा जरी बदलला तरी ती खोल जागा सरकते. मग टाकीत दीड-दोन लिटर पेट्रोल असूनही कॉककडे येत नाही, आणि गिऱ्हाईक तक्रार करतं की रिझर्व्हला टाकली तरी गाडी बंद पडते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ उतारानं येतं, म्हणून कॉकचं तोंड कार्बोरेटरच्या वाटीपेक्षा वर राहिलंच पाहिजे. टनेल खोल असेल तर तळाशी टाकीचे डावा-उजवा असे दोन कप्पे होतात. ज्या कप्प्याला कॉक नाही तिथलं पेट्रोल तिथेच राहतं. दोन्ही कप्प्यांना खालून जोडणारी नळी द्या, किंवा दुसरा कॉक बसवा. हा विचार पत्रा कापण्याआधीच करायचा.

जागा ठरली की पुठ्ठा घ्या. चासीच्या पाइपावर पुठ्ठ्याचं टनेल बनवा, सगळीकडे बोटभर मोकळं ठेवा. वायरिंग आणि इग्निशन कॉइल त्याच जागेत असते, हे विसरू नका. पुठ्ठा नीट बसला तरच तो पत्र्यावर उतरवायचा. मी २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरतो, जुन्या टाकीच्या पत्र्याशी त्याची जाडी जुळते आणि वेल्डिंगला दोन्हीकडे सारखी उष्णता लागते.

आता पेट्रोलबद्दल. हा भाग वाचून सोडून देण्यासारखा नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीनं स्फोट होतो. तेरा लिटरच्या टाकीत ते प्रमाण यायला अर्धा चहाचा चमचा पेट्रोल पुरतं. एवढं पेट्रोल टाकीच्या शिवणीत, गंजाच्या खपल्यांखाली सहज लपून बसतं आणि पत्रा तापला की बाहेर येतं. वास येत नाही म्हणून टाकी साफ झाली, असं समजू नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या शेगडीपर्यंत पोहोचते.

माझी पद्धत अशी. टाकी उघड्यावर रिकामी करायची. झाकण, कॉक, पेट्रोलचा काटा चालवणारा फ्लोट, सगळं काढायचं. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून आतून धुवायची, हातमोजे आणि चष्मा लावूनच. टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक अजिबात नको, तो अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. त्यानंतर साबणाचं पाणी, मग साधं पाणी, पुन्हा पुन्हा. पहिला काप ठिणगी न पडता करायचा: हातानं भोक, मग पत्रा कापायची कात्री. जुनं टनेल निघालं की टाकीचं पोट पूर्ण उघडं होतं. तेव्हा आतल्या शिवणी घासून पुन्हा एकदा धुवायच्या. नवं टनेल लावताना टाकी परत बंद होत जाते, म्हणून शेवटच्या वेल्डिंगच्या वेळी आत आर्गन वायू सोडतो. आर्गनही हवेपेक्षा जड, म्हणून तो कॉकच्या भोकातून खालून आत आणि हवा झाकणाच्या तोंडातून वर बाहेर. वरचं तोंड कधीही बंद करायचं नाही. आणि खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवायची, कारण बंद खोलीत आर्गन माणसालाही गुदमरवतो. जुन्या कित्येक टाक्यांना आतून शिसं-कथिलाचा मुलामा असतो. त्याचा धूर विषारी, तेव्हा जोडाच्या दोन्ही बाजू आधी घासून काढा आणि मास्क लावा.

वेल्डिंगसाठी माझी पसंती आर्गन वेल्डिंगलाच (टिग), बारीक तार आणि कमी अँपिअर. एका दमात लांब टाका ओढला की पत्रा लाटेसारखा वाकतो. समोरासमोर थोडे थोडे टाके टाका, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग पुढे. पितळाच्या झाळीनंही टाकी उत्तम होते आणि आमच्याकडचे जुने कारागीर तेच करतात. पण एकदा पितळ लागलेल्या जागी नंतर आर्गन वेल्डिंग धरत नाही, म्हणून टाकी कुणी आधी दुरुस्त केली आहे का हे घासून बघा. गळती पुटीनं किंवा एमसीलनं झाकणं मला मान्य नाही. टाकी माणसाच्या मांड्यांमध्ये असते.

माउंटिंगच्या पट्ट्या थेट टाकीच्या पातळ पत्र्यावर जोडू नका. आधी तळहाताएवढा जाड पत्र्याचा पॅच, त्यावर पट्टी. तेरा लिटर पेट्रोलचं वजन जवळपास दहा किलो, आणि ते इंजिनाबरोबर सतत थरथरतं. रबराशिवाय घट्ट आवळलेली टाकी नेमकी पट्टीच्या कडेला चिरते. पुढचे बुश मूळ गाडीचे मिळाले तर तेच लावा, नाहीतर लेथवाल्याकडून नव्या मापाचे करून घ्या.

गळती तपासताना काँप्रेसरचा पाइप सरळ टाकीला लावणारे मी पाहिले आहेत. फक्त ०.२ बार दाबानं तीस बाय वीस सेंटिमीटरच्या सपाट पत्र्यावर सव्वाशे किलोच्या आसपास जोर येतो. त्याहून जास्त दिलं की टाकी फुगते आणि इतक्या मेहनतीनं जपलेला वरचा आकार जातो. सायकलच्या पंपानं हलकी हवा, जोडांवर साबणाचं पाणी, एवढं पुरे. मग पाणी भरून क्षमता मोजा. टनेल मोठं केलं की टाकीत कमी पेट्रोल मावतं, गिऱ्हाइकाला नवा आकडा सांगितलाच पाहिजे. झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघा. ते बुजलं तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही.

शिकायचं कुठे, हे बरेच जण विचारतात. आयटीआयचा शीट मेटल वर्कर किंवा वेल्डर, दोन्ही एकेक वर्षाचे ट्रेड, हा चांगला पाया आहे. त्यानंतर डेंटिंगच्या दुकानात हातोडा आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, धरायला शिका. भंगारातून किलोवर मिळणाऱ्या सडक्या टाक्या आणा, त्या आधी वर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि मधोमध उभ्या कापून बघा. शिवण कुठे आहे, टनेल कसं दुमडलं आहे, गंज कुठे साठतो, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. सुरुवात कार्बोरेटरच्या गाड्यांवर करा. एप्रिल २०२० नंतरच्या, धुराचे नवे नियम पाळणाऱ्या बहुतेक बीएस-सहा गाड्यांत टाकीच्या आतच पंप असतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहावा लागतो, आणि त्याच्या बैठकीची रिंग जराही वाकडी झाली की ती गळते. हे पुढच्या टप्प्याचं काम.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गिऱ्हाइकानं काम देण्याआधी आरटीओत विचारून यावं, असं मी स्पष्ट सांगतो. टाकी बसावी म्हणून चासीचा पाइप कापून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. मूळ चासी हात न लावलेली असली की जुनी टाकी कधीही परत चढवता येते.

काम झालं की टाकी लगेच रंगाला देऊ नका. कच्च्या पत्र्यावरच पेट्रोल भरा, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालवा, रात्रभर साइड स्टँडवर उभी करून खाली वर्तमानपत्र अंथरा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या काढून नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या टाका. काही दिवसांनी टाकी उतरवून पट्ट्यांच्या कडा भिंगाखाली बघा. कुठे केसाएवढी रेष दिसली तर टाकी पुन्हा धुवून, आर्गन सोडून तो टाका दुरुस्त करायचा. पत्रा कोरडा आणि अखंड निघाला, की मग पेंटरकडे.