चित्रविषय कसा निवडावा: किनाऱ्यावरच्या चित्रकारासाठी

कोकणात चित्र काढायला बसणाऱ्याला विषयांची वाण कधीच नसते. मान वळवावी तिकडे माड, होडी आणि समुद्र असतो, आणि तिन्ही कागदावर उतरले की त्यांचे कॅलेंडर होते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग मी पाच-सहा वेळा रंगवला आणि दर वेळी चित्रात किल्ल्याचे नावच तेवढे उरले.

म्हणून सुरुवातीला पंधरा दिवस रंगपेटी घरी ठेवावी आणि खिशात वही घेऊन हिंडावे. पाय जिथे आपोआप थांबतील तिथे काय दिसले ते लिहावे, मात्र वस्तूचे नाव टाळून. म्हणजे ‘होडी’ असे न लिहिता ‘ओल्या वाळूवर काळा लांबट आकार, टोकाला पांढरा ठिपका’ असे लिहावे. पंधरवड्याने वही चाळली की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा टिपलेली सापडते. माझ्या वहीत तो गडगा, म्हणजे दगड रचून घातलेले बुटके कुंपण, निघाला.

घराच्या पाखाडीलगतचा, म्हणजे दगडी पायवाटेच्या कडेचा, हा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा गडगा मी लहानपणापासून पाहत होतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तांबूस-पिवळा आणि हत्याराने सहज तासता येईल इतका मऊ असतो. उन्हावाऱ्यात तो कठीण होतो आणि काळवंडतो. श्रावणात त्यावर शेवाळ इतके गच्च चढते, की दगड जिथून निखळला आहे तेवढीच जागा तांबडी दिसते. थंडी पडेपर्यंत तेच शेवाळ वाळून राखाडी होते आणि नखाने सुटते. काळपट हिरव्यातली ती तांबडी खाच हा माझा विषय होता, गडगा हे तिचे निमित्त. एका विषयावर किती काळ काढता येईल अशी शंका ज्यांना येते त्यांनी प्रल्हाद अनंत धोंड यांची समुद्राची जलरंगचित्रे पाहावीत.

विषय सापडला असे वाटले की डोळे किलकिले करून, काडेपेटीएवढ्या चौकटीत, काळा, करडा आणि पांढरा एवढ्याच छटांत तो मांडून पाहावा. पाच मिनिटांत चौकट उभी राहिली नाही तर तो विषय सोडून द्यावा, कारण छटांतली उणीव रंगांनी भरून निघत नाही. (सूर्यास्त या परीक्षेत बहुधा नापास होतात.)

किनाऱ्यावरच्या विषयाला आणखी एक अट असते: तिथे पुन्हा जाऊन तेच दृश्य मिळाले पाहिजे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी नऊला पाहिलेले आठवड्याने नऊला नसते. आपल्याकडचा जुना हिशोब इथे कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: चतुर्थीला तीन, म्हणून सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी, आणि होडी वाळूवर कललेली; द्वादशीला मात्र नऊलाच भरती, आणि तीच होडी पाण्यावर. अर्धे राहिलेले चित्र पुढच्या पक्षात त्याच तिथीला पुरे करावे.

आषाढात जलरंग वाळतच नाहीत, तेव्हा पडवीतून दिसेल तेवढ्यावर भागवावे.

माणसे रंगवायची असतील तर हर्णैच्या मासळीलिलावासारख्या जागी पहिले काही दिवस नुसते उभे राहावे, कोणाच्या वाटेत न येता आणि विचारल्याशिवाय कोणाचा चेहरा न काढता. तिथे पोटापाण्याचा व्यवहार चाललेला असतो. आपल्यासाठी कोणी थांबत नाही आणि थांबूही नये. मला स्वतःला लिलाव उरकल्यानंतरची वेळ जास्त मानवते: विरघळत चाललेला बर्फ, पालथ्या घातलेल्या पाट्या आणि ओल्या वाळूत बैलगाडीची चाकोरी, हे सारे भरती येईपर्यंत जागच्या जागी राहते, आणि तेवढा वेळ एका लहान कागदाला पुरतो.