दाबून धरलेली भाषा: घरी करून बघायचा प्रयोग

मी दुभाषी म्हणून काम करते. दोन-तीन तास सलग इंग्रजीत बोलून बाहेर पडले की मराठीतला एखादा अगदी साधा शब्द अडतो. परवा ‘झाकण’ आठवेना. हातात डबा, समोर झाकण, आणि तोंडात नुसतं ‘ते... वरचं’. शब्द विसरलेला नसतो. इतका वेळ दाबून धरलेला असतो, आणि ती पकड लगेच सुटत नाही. हे तुम्हालाही स्वतःवर बघता येईल.

वीस कार्डांवर एकेक सोपं चित्र काढा: खुर्ची, कात्री, मासा. दहांना लाल कड, दहांना निळी. पहिल्या फेरीत कड न बघता सगळी नावं मराठीत सांगा, दुसऱ्या फेरीत इंग्रजीत. मग कार्डं पिसा. लाल आलं तर मराठी, निळं आलं तर इंग्रजी. फोनवर रेकॉर्डिंग जरूर करा, कारण बोलताना स्वतःचं अडखळणं कळत नाही, ऐकताना लख्ख कळतं.

तिसरी फेरी रेंगाळेल, हे अपेक्षितच. पण नीट ऐका. निळ्यानंतर लगेच लाल आलं की काय होतं? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘फिश’नंतर ‘कात्री’ म्हणायला जेवढा वेळ गेला, तेवढा उलट दिशेने गेला नाही. म्हणजे मातृभाषेत परतणंच जड! म्यूटर आणि ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये द्विभाषिक लोकांना आकडे वाचायला लावून हेच दाखवलं होतं. डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या विचारातून त्याचं कारण कळतं: जी भाषा जोरात वर येते तिला जास्त दाबावं लागतं, म्हणून तिला मोकळं व्हायलाही वेळ लागतो.

आता चौथी फेरी. कड विसरा, जी भाषा आधी येईल ती बोला. माझं अडखळणं इथे जवळजवळ गेलं. थकवा भाषा बदलण्याचा कमी, दुसऱ्याच्या हुकमावर बदलण्याचा जास्त, असं माझं मत.

म्हणून कामाआधी पाच मिनिटं मी लागणाऱ्या भाषेत मोठ्याने काहीही बोलते. शब्द अडला तर त्याच्या मागे लागत नाही. वर्णन करून पुढे जाते, तो मागून येतो.

दोन भाषा बोलण्यानं एकूण मनावरचा ताबा वाढतो का, असं पालक मला फार विचारतात. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांना द्विभाषिक लोक लक्ष विचलित करणाऱ्या चाचणीत सरस दिसले. पुढे, २०१३ मध्ये पाप आणि ग्रीनबर्ग या संशोधकांना तसा फायदा सापडला नाही. २०१८ मध्ये १५२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही ठोस फायदा उरला नाही. त्यामुळे बुद्धी तल्लख व्हावी म्हणून मुलांवर दुसरी भाषा लादू नका. ती भाषा बोलणारं माणूस त्यांच्याजवळ बसवा.

कार्डं मात्र दर आठवड्याला नवी काढा. जुनी पाठ होतात.