प्रोबायोटिकचं पेटंट: परीक्षक जे विचारणार ते आधीच तयार ठेवा

एरंडवण्यातल्या माझ्या ऑफिसात प्रोबायोटिकवाले येतात ते साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे मायक्रोबायोलॉजी शिकवणारे सर किंवा मॅडम, ज्यांच्या पीएचडीच्या मुलीला घरच्या ताकात एक झकास स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा एक विशिष्ट वाण, सापडलेली असते. दुसरे भोसरी-चाकणकडचे उद्योजक. त्यांची सॅशे बाजारात जायला तयार असते, आता ‘तेवढं पेटंट करून टाका’ एवढंच उरलेलं असतं. दोघांचं पहिलं वाक्य मात्र एकच: “मॅडम, याने पोट बरं होतं.” होत असेल, माझी ना नाही. पण भारतात पोट बरं करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, आणि ताकात आपसूक सापडलेल्या जिवाणूलाही मिळत नाही. मग उरतं काय? तुम्ही स्वतः त्यावर केलेलं काम. ते कागदावर कसं आणायचं ते सांगते.

आधी कायद्याचं काय ते उरकू. कशाला पेटंट नाही ते १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ ठरवतं. आमच्या बोलण्यात ते थ्री-सी, थ्री-ई, थ्री-आय, थ्री-पी अशा नावांनी येतं. निसर्गात आढळणारा सजीव नुसता शोधून काढला तर थ्री-सी. नुसतं मिश्रण असेल, ज्यात प्रत्येक घटक आपापलं काम करतो आणि त्यापलीकडे काही घडत नाही, तर थ्री-ई. माणसाच्या किंवा जनावराच्या उपचाराची पद्धत असेल तर थ्री-आय. पारंपरिक ज्ञान असेल तर थ्री-पी. इथे हुशार अशील थ्री-जे काढतात: “त्यात प्राणी-वनस्पतींना पेटंट नाही म्हटलंय, पण सूक्ष्मजीव वगळलेत की!” वगळलेत, खरं आहे. पण थ्री-जेमधून सुटलेला जिवाणू थ्री-सीमध्ये अडकतो. अमेरिकेत १९८० साली आनंद चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला तो त्यांनी स्युडोमोनासमध्ये प्लाझमिड घालून निसर्गात नसलेला जिवाणू घडवला म्हणून. तुमची स्ट्रेन आजीच्या विरजणातली आहे.

अर्ज दाखल होईपर्यंत गप्प बसायचं. पोस्टर नाही, पेपर नाही, लिंक्डइनवर फोटो नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, चढलेला प्रबंधही तुमच्याच विरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे आधीच जाहीर झालेली माहिती, म्हणून वापरला जातो. कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेत वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. तिच्यावर विसंबू नका. घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका आणि बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्या. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, मराठी चालत नाही. महाराष्ट्रातला अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातो, पण सगळं ऑनलाइन असल्याने अँटॉप हिलच्या खेपा वाचतात.

आता डिपॉझिट. नुसतं वर्णन वाचून तुमची स्ट्रेन दुसऱ्या कुणाला मिळवता येणार नसेल, तर ती बुडापेस्ट कराराखाली (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यता असलेल्या संस्थेत जमा करावी लागते. यात पुणेकरांचं नशीब चांगलं आहे. एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या छत्राखालचा एनसीएमआर हा सूक्ष्मजीव-संग्रह, म्हणजे जुनं एमसीसी, इथेच आहे आणि त्याला २०११ पासून ही मान्यता आहे. चंदीगडच्या एमटीसीसी या संग्रहाला ती २००२ पासून आहे. लोकांची गल्लत होते ती एनसीएल या रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहाशी. तो संग्रह जुना आहे, नावाजलेला आहे, पण पेटंटसाठीचं बुडापेस्ट डिपॉझिट वेगळं. आणि एनसीएमआरमध्येसुद्धा ‘जनरल डिपॉझिट’ आणि ‘पेटंट डिपॉझिट’ हे दोन निरनिराळे अर्ज आहेत. पहिला भरून आलात तर उपयोग शून्य.

डिपॉझिट भारतात अर्ज दाखल करण्याच्या तारखेपर्यंत झालेलं हवं. स्पेसिफिकेशनमध्ये त्याचा उल्लेख घालायला मात्र अर्जानंतर तीन महिने मिळतात. पावती आली की चार गोष्टी पडताळा: संस्थेचं नाव-पत्ता, जमा केल्याची तारीख, अ‍ॅक्सेशन नंबर (संग्रहाने दिलेला क्रमांक) आणि जिवाणूचं नाव. व्हाएबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे जिवाणू जिवंत असल्याचा दाखला, हाही मागून घ्या, कारण जमा केलेली कुपी मेलेली निघाली तर पुढचं सगळंच मेलं. जिवाणू कुठून मिळवला, म्हणजे कोणत्या गावच्या कशातून, हेही स्पेसिफिकेशनमध्ये लिहावं लागतं. ‘पारंपरिक दुग्धजन्य पदार्थ’ असं मोघम लिहू नका. ‘जुन्नर तालुक्यातल्या घरगुती ताकातून’ असं लिहा.

आधीची पेटंटं शोधताना सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची फोड होऊन तिच्या २५ प्रजाती झाल्या. जुनी लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम आहे, केसाय लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये गेली. नव्या नावाने शोधलंत तर जुनी पेटंटं हाती लागत नाहीत आणि तुम्हाला वाटतं मैदान मोकळं आहे. परीक्षक दोन्ही नावांनी शोधतो. तेव्हा इनपास, पेटंटस्कोप, एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या तिन्ही संकेतस्थळांवर जुनं नाव, नवं नाव आणि स्ट्रेनचा कोड असं तिन्ही घालून बघा. एलजीजी ही प्रसिद्ध स्ट्रेन एटीसीसी ५३१०३ या नंबरानेही सापडते, तसंच. १६-एस सिक्वेन्स, म्हणजे जिवाणूची ओळख पटवणारा जनुकीय क्रम, देणार असाल तर ती आता एसटी-२६ नमुन्यातल्या एक्सएमएल फाइलमध्ये लागते, वर्डमध्ये चिकटवून चालत नाही.

क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ती वाक्यं, लिहिताना मी वही बाजूला ठेवायला लावते आणि आधी अशिलाला तोंडी सांगू देते. येतं ते असं: “जुलाब आणि पोटफुगी बरी करण्याची पद्धत, ज्यात रुग्णाला रोज प्लांटारम दिली जाते.” हा सरळ थ्री-आय. मग पळवाट म्हणून “जुलाबावर प्लांटारमचा वापर” असं सुचवलं जातं. तेही नाही. आपल्याकडे शोध म्हणजे प्रॉडक्ट किंवा प्रोसेस, ‘वापर’ या दोन्हींत बसत नाही.

मग क्लेम असा बांधायचा: अमुक अ‍ॅक्सेशन नंबरची स्ट्रेन, तमुक नंबरची दुसरी स्ट्रेन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (हे प्रीबायोटिक, म्हणजे जिवाणूंचं खाद्य), या-या प्रमाणात, अल्जिनेटच्या आवरणात असलेलं सिनर्जिस्टिक, म्हणजे घटक एकमेकांचा परिणाम वाढवतात असं, मिश्रण. त्याच्या जोडीला ते बनवण्याची प्रोसेस: किती तापमानाला, किती वेळ, कोणतं संरक्षक द्रव्य घालून फ्रीज-ड्राय केलं. दहा क्लेम आणि तीस पानांपर्यंत जादा फी नाही, त्यामुळे पसारा घालू नका.

हे पहिल्याच दिवशी करायचं, कारण कलम ५९. दाखल झाल्यावर क्लेम आखडता येतो, फुगवता येत नाही. मूळ अर्जात फक्त उपचाराचे क्लेम असतील आणि एफईआर, म्हणजे परीक्षकाचा पहिला तपासणी अहवाल, आल्यावर तुम्ही त्यांचं मिश्रणात रूपांतर करायला गेलात, तर ‘हे मूळ क्लेमच्या कक्षेबाहेर आहे’ हा आक्षेप ठरलेला. उपचाराची माहिती मात्र वर्णनात भरपूर ठेवा. युरोपात ‘अमक्या आजारात वापरण्यासाठीचं मिश्रण’ अशा रचनेला जागा आहे, अमेरिकेत उपचाराच्या पद्धतीलाही. बाहेर जायचं ठरलं तर बारा महिन्यांच्या आत हेच वर्णन कामी येतं.

आता खरी मेख: थ्री-ई. दहापैकी नऊ प्रोबायोटिक अर्ज इथे धापा टाकतात असं माझं मत आहे, आकडेवारी नव्हे. परीक्षकाचं म्हणणं सोपं असतं: दोन चांगल्या स्ट्रेन एकत्र केल्या, चांगलं झालं, त्यात शोध कुठे? त्याला उत्तर वकिली भाषेत देता येत नाही, ते तक्त्यातच द्यावं लागतं. पीएच २ आणि ०.३ टक्के पित्तात दोन-तीन तास ठेवून किती जिवंत राहिल्या हे मोजा. ओळी अशा: ए एकटी, बी एकटी, प्रीबायोटिक एकटं, ए आणि बी, तिन्ही मिळून, आणि कोरा कंट्रोल.

समजा सगळ्यांची सुरुवात लॉग ९ सीएफयूपासून, म्हणजे एक अब्ज जिवंत जिवाणूंपासून. ए एकटी ६ वर आली, बी ५ वर. दोघी मिळून ६.१ वर राहिल्या तर ते मिश्रणच, सिनर्जी नाही. ८ वर राहिल्या तर बोलायला जागा आहे. पण एका गोष्टीवर हटकून बोट ठेवलं जातं: डोस. ए चे एक अब्ज, बी चे एक अब्ज आणि मिश्रणात दोन्ही पूर्ण टाकून दोन अब्ज, अशी तुलना केलीत तर फायदा डोस दुप्पट झाल्याचा आहे, असं कुणीही म्हणेल. मिश्रणातली एकूण संख्या एकट्या स्ट्रेनइतकीच ठेवा. प्रयोग तीनदा करा, एरर बार दाखवा, आणि ए-बीची निदान तीन प्रमाणं घ्या, म्हणजे क्लेममधल्या रेंजला पाठबळ मिळतं. हे आकडे अर्जासोबतच गेले पाहिजेत. नंतर शपथपत्रावर जोडलेला डेटा मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सिनर्जीचा मागमूसही नसेल तर लंगडा पडतो.

ताक, कांजी, आंबील यांतून आलात तर थ्री-पी पण येणार. ग्रहणी आणि अर्शावर ताक हे आयुर्वेदाने केव्हाच सांगून ठेवलंय, आणि टीकेडीएल या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल संग्रहातले उतारे एफईआरसोबत येतात. ‘आमचं शास्त्रीय आहे’ असं म्हणून भागत नाही. ग्रंथातल्या ताकात जे नाही ते दाखवा: ठरावीक स्ट्रेन, आवरण, शेल्फ लाइफ.

जैवविविधता कायद्याचा कागद लोक हमखास विसरतात. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. भारतीय अर्जदाराने पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची, आणि माल बाजारात आणताना मंजुरी घ्यायची. परदेशी भागीदार असेल तर मंजुरी आधीच. नोंदणीचा अर्ज पेटंट अर्जाच्याच आठवड्यात टाका. स्ट्रेन पूर्णपणे परदेशातून विकत घेतली असेल तर फॉर्म १ मधलं भारतीय जैविक सामग्रीचं घोषणावाक्य खोडायला विसरू नका, आणि खरेदीचं बिल जपा.

तपासणी आपोआप सुरू होत नाही. १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत तपासणीच्या विनंतीचा फॉर्म १८ भरावा लागतो, पूर्वीचे ४८ महिने विसरा. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना अर्जाला १,६०० आणि तपासणीला ४,००० रुपये, बाकीच्यांना ८,००० आणि २०,०००. स्टार्टअप असाल किंवा अर्जदार महिला असेल तर फॉर्म १८ए ने लवकर नंबर लागतो.

एफईआर आला की घाबरून फोन करू नका, आधी पूर्ण वाचा. उत्तराला सहा महिने आहेत, वर तीन महिने मुदतवाढ मिळते. मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. प्रत्येक आक्षेपाला त्याच क्रमाने उत्तर द्या आणि प्रत्येक उत्तरात पान-ओळ दाखवा: ‘तक्ता ४, पान १७’. डी-१, डी-२ म्हणून दिलेले आधीच्या पेटंट-पेपरचे दाखले गोषवाऱ्यावर भागवू नका, पूर्ण वाचा. कित्येकदा डी-१ मधली स्ट्रेन वेगळी असते किंवा डोस शंभरपट असतो, आणि तुमचं उत्तर तिथेच दडलेलं असतं.

सुनावणी व्हिडिओवर होते. त्या दिवशी ज्या मुलीने प्लेट मोजल्या तिला शेजारी बसवा. कंट्रोलर, म्हणजे निर्णय देणारा पेटंट अधिकारी, डोसबद्दल विचारतो तेव्हा तिला जे दोन मिनिटांत सांगता येतं, ते मला दहा पानांत जमत नाही. लेखी म्हणणं सुनावणीनंतर पंधरा दिवसांत जायला हवं, म्हणून त्याचा मसुदा आदल्या रात्रीच तयार ठेवा आणि सुनावणीत निघालेले मुद्दे त्यात भरून पाठवा.